शेजारच्या सीटवरचं लायसन

आमच्या घरात गाडी चालवता येणारी माणसं दोनच होती. एकाच्या हातात ती अगदी सहज यायची, पण त्याच्याजवळ लायसन नव्हतं. दुसरीजवळ लायसन होतं आणि तिला गाडीची भीती वाटायची. ही दुसरी मी. पहिला माझा धाकटा भाऊ मिलिंद, माझ्याहून चार वर्षांनी लहान. लायसन मला कसं मिळालं हेही सांगण्यासारखं आहे. मी तेव्हा आमच्या कामठा गावाहून गोंदियाला कॉलेजात जात असे, आणि शहरात कुणीतरी मुलींसाठी मोफत मोटार शिकवणी काढली होती. मुली मिळेनात, म्हणून आमच्या बाईंनी वर्गातल्या गप्प बसणाऱ्या तिघींची नावं न विचारता देऊन टाकली. शिकवणारे उस्ताद रोज एकच वाक्य म्हणत, "मॅडम, ब्रेक को मारो मत, दबाओ." मी दोन महिने ब्रेक मारला, आणि शेवटी कसं कुणास ठाऊक, परीक्षेत पास झाले. लायसन घरी आलं तेव्हा माझ्या आईनं, आम्ही तिला माय म्हणायचो, ते हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात इतर कागदांबरोबर ठेवून दिलं. ते पुन्हा बाहेर काढावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

बाबा एका राईस मिलमध्ये मशीनवर होते. मिल बंद पडली तेव्हा हातात जे पैसे आले त्यांतून त्यांनी एक जुनी जीप घेतली. मिलच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते मोठ्यानं बोलत, आणि जीप घेतल्याची बातमी अर्ध्या गावानं आमच्या अंगणातूनच ऐकली. मिलिंद त्या दिवशी जेवला नाही. तो जीपमध्येच बसून राहिला. मिलमध्ये धानाचे ट्रक घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरांच्या मांडीवर बसून तो स्टेअरिंग धरायला शिकला होता, चौदाव्या वर्षी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर चालवत होता, आणि अकरावीत नापास झाल्याचं दुःख त्याला एक आठवडाही झालं नव्हतं. जीपचा डावा दरवाजा सुतळीनं बांधावा लागे. सकाळी गाडी सुरू करताना ती आधी खोकल्यासारखी आवाज करी, मग एकदम गरजून उठे, आणि माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणे, "उठली बाप्पा एकदाची." उकड्या तांदळाचा भात, लाखोरीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी असा डबा ती आम्हां दोघांना मिळून एकच द्यायची. त्या चटणीच्या वासानं मागच्या सीटवरच्या बाया नाकाला पदर लावत आणि दहा मिनिटांनी त्यातलीच थोडी मागून घेत.

दोघांना मिळून एकच डबा, कारण मी रोज त्याच्या शेजारी बसत असे. ते का, ते आता सांगते.

विमा काढून देणारा एक माणूस गोंदियाहून आमच्या घरी आला होता. मायनं त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली. तो खाता खाता बाबांना समजावत होता. गाडीनं भाडं मारायचं तर पिवळी पाटी पाहिजे, परमिट पाहिजे, बॅजवाला ड्रायव्हर पाहिजे, आणि टॅक्सीचा विमा वेगळा. त्या विम्याचा आकडा त्यानं कागदावर लिहून बाबांपुढे सरकवला. बाबांनी तो कागद मला दिला, मी मोठ्यानं वाचला, आणि त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा वाचला. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

"म्हणजे शेठनं फिराले गाडी घेतली तं विमा कमी, अन् गरिबानं पोट भराले घेतली तं जास्त?" बाबा म्हणाले.

"पेट भरनेवाली गाडी ज्यादा भिडती है, काका," तो माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. "चलाएगा कौन?"

"माया पोट्टा हाय न घरी."

"उमर?"

"सतरा पुरे होऊन राहिले."

तो मनापासून हसला. "काका, सतरा साल के लडके के नाम पर कंपनी चाय भी नहीं पिलाएगी. अठरा को लायसन, बीस के बाद बॅज. और कुछ भिड गया तो पूरा आपके घर पर आएगा. घर में किसी के पास लायसन है?"

"पोरीजवळ हाय."

"फिर क्या! लायसन तो घर में ही है," असं म्हणून त्यानं उरलेले पोहे संपवले.

त्यानं हे चेष्टेत म्हटलं होतं. बाबांनी तो कायदा मानला. त्यांची समजूत अशी झाली की गाडीत लायसन असलं म्हणजे झालं. ते ज्याच्या नावाचं आहे तो माणूस गाडीत बसलेला असला की चाक कुणाच्याही हातात असो. मी शिकलेली होते, मला हे खरं नाही हे ठाऊक होतं. मी एकदा म्हणूनही पाहिलं, "बाबा, असं नसतं." ते म्हणाले, "दोन-तीन वर्साचा प्रश्न हाय. तुले कोनतं काम करा लागते? बस अन् पुस्तक वाच." पांढऱ्या पाटीवर स्वस्तातला विमा निघाला आणि मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. वाचायला मिळणार म्हणून मला थोडं बरंही वाटलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता आमच्या शेजारच्या तरुणानं कर्ज काढून नवी गाडी घेतली, तेव्हा विम्याचा आकडा पाहून तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, लूट आहे सगळी." मी त्याला चहा दिला. कुणाच्या चुकीची किंमत कुणी आधीच भरून ठेवायची हा प्रश्न मला त्याच्यापेक्षा जुना आहे, पण तो बोलण्यासारखा नाही.

जीपमधलं ते एक वर्ष मात्र चांगलं होतं. कडवटपणानं लिहायला बसले तरी हे नाकारता येत नाही. सकाळी कामठ्याहून गोंदिया, दुपारी परत, बाजाराच्या दिवशी आणखी दोन फेऱ्या. मागून एखादी म्हातारी विचारी, "काऊन व सुजाता, तुले रोजच जा लागते काय?" आणि मिलिंद आरशात बघत म्हणे, "हे माया लायसन होय जी. घरी विसरलो तं पोलीस पकडते." एकदा नाक्यावर खरोखरच हवालदारानं थांबवलं. मिलिंदनं गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी लायसन पुढे केलं. हवालदारानं त्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहिलं. "मग तुम्ही का चालवत नाही?" मी म्हणाले, "थोडा वेळ त्याला दिली." तो हसून म्हणाला, "शिकवता का भावाला? शिकवा, शिकवा." पुढे पाच मिनिटं मिलिंदला हसू आवरेना. बाबांनी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांना आपला कायदा सरकारनंही मान्य केल्यासारखं वाटलं.

मिलिंद वाचत नसे, पण पुस्तकात काय चाललंय हे त्याला रोज लागे. "काय होऊन राहिलं त्यात? तो मानूस घरी आला काय?" मी सांगायची. न आवडलेल्या शेवटासाठी तो मलाच रागावायचा. एका दुपारी गाडी रिकामी होती, रस्ता मोकळा होता, आणि त्यानं एका पळसाखाली गाडी उभी करून खाली उडी मारली. "चालव आता. लायसन तुयं अन् मजा मीच करून राहिलो." मी नको म्हणाले. त्यानं मला जवळजवळ ढकललंच त्या जागेवर. "क्लच पूरा खाली दाब. अर्ध्यात सोडला तं थे ओरडते. दुसऱ्या गिअरले जोर लावजो, अडते तिथं." गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालली. आम्ही कोसभर गेलो असू. मिलिंद दरवाज्याची सुतळी हातात धरून बसला होता आणि मध्येच ओरडत होता, "बापरे, वाचवा!" पण थांब म्हणाला नाही.

माघ पुनवेला कचारगडच्या गुहांपाशी मोठी जत्रा भरते. गोंडी माणसं कुठून कुठून येतात, आणि त्या चार-पाच दिवसांत कुणाचीही गाडी रिकामी राहत नाही. आम्ही सालेकसाच्या बाजूला फेऱ्या मारत होतो. तिसऱ्या दिवशी भर दुपारी लोक उतरवून आम्ही रिकाम्या गाडीनं परत निघालो. मिलिंदला आणखी एक फेरी साधायची होती. मी पुस्तकात होते. बांधावरच्या वाटेनं सायकलीला चाऱ्याचे भारे बांधलेला एक माणूस डांबरी रस्त्यावर आला, हे मी पाहिलं नाही. मी हॉर्न ऐकला, मिलिंदचं "अरे, अरे" ऐकलं, आणि मग गाडी झाडाला लागली होती. माझ्या कपाळातून रक्त येत होतं. मिलिंदची छाती स्टेअरिंगवर होती. तो शुद्धीत होता. त्यानं विचारलं, "ताई, तो उठला काय?" मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर चारा पसरला होता आणि त्यात तो माणूस हलत नव्हता. मी म्हणाले, "हो, उठला." त्या दिवशीचं माझं पहिलं खोटं ते. मिलिंदला ते ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

दवाखान्यात बाबा आले तेव्हा मिलिंदला जाऊन तासभर झाला होता. त्यांनी त्याला पाहिलं, बाहेर आले, माझ्या शेजारी बाकावर बसले. माझ्या कपाळाला पट्टी होती. मग, आयुष्यात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलले.

"पोलीस येऊन गेले काय?"

"नाही."

"मंग तू चालवत होती म्हणून सांगजो."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तो गेला व पोरी. त्याले आता कोनी काई करत नाही. तो सायकलवालाबी गेला, त्याची बायको तिकडं बसली हाय, दोन लेकरं हायेत तिचे. लायसन नोतं म्हटलं तं कंपनी तिले एक पैसा देनार नाही. मंग ते आपल्या दारात येईल. आपल्याजवळ द्याले काय हाय? घर." मग ते म्हणाले, "तुयाजवळ लायसन हाय."

त्या बाईच्या लेकरांची काळजी त्यांना किती होती आणि घराची किती, हे मी नंतर अनेक वर्षं मनात तोलत राहिले. आता ते सोडून दिलं आहे. दोन्ही असेल. हवालदार आला, त्यानं वही उघडली, गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारलं. दाराच्या पलीकडे मिलिंद झाकून ठेवला होता. मी म्हणाले, "मी." हवालदारानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "आणि मयत?" बाबा म्हणाले, "शेजारी बसला होता."

मिलिंदच्या सगळ्या आयुष्यात त्याला नीट येणारी गोष्ट एकच होती. ती आम्ही त्या ओळीत त्याच्याकडून काढून घेतली.

सायकलवाल्याची बायको फुलवंता हिनं कोर्टात दावा लावला. कंपनीच्या वकिलाला पहिल्यापासून संशय होता, आणि तो संशय खरा होता. त्यानं मला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, एक कॉलेजची मुलगी जीप चालवते, हे आम्ही मानायचं का? मी म्हणाले, लायसन आहे. तुम्ही जत्रेचं भाडं मारत होतात ना? मी म्हणाले, नातेवाइकांना सोडून येत होतो. मग तो गोड आवाजात म्हणाला, "बरं, तुम्हीच चालवत होता तर सांगा, गाडीचा क्लच कसा होता?" कोर्टात कुणीतरी हसलं. मी सांगितलं, पूर्ण खाली दाबावा लागतो, अर्ध्यात सोडला तर गाडी ओरडते. दुसरा गिअर अडतो, तिथं जोर लावावा लागतो. न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. वकील खाली बसला. पळसाखालची ती दुपार माझ्याजवळ माझी म्हणून एवढीच होती, आणि ती मी तिथं साक्षीला देऊन आले.

फुलवंताला भरपाई मिळाली. ती एकदा आमच्या घरी आली, सोबत दोन्ही मुलं होती आणि पिशवीत घरच्या वालाच्या शेंगा. ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाई, झालं तं तुयाच हातून. पन तुनं खरं सांगतलं. आजकाल कोन सांगते?" मायनं तिला चहा दिला. मी शेंगा आत नेऊन ठेवल्या आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले.

फौजदारी खटला वेगळा चालला, आणि तो लांबला. मास्तरकीच्या अर्जात एक रकाना असे: आपल्यावर कोणता गुन्हा दाखल आहे काय. मी खोटं लिहीत नसे, म्हणजे त्या रकान्यात तरी. माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुली लागल्या. साक्षीदार मिळाले नाहीत म्हणून मी निर्दोष सुटले, तोवर वयाची अट ओलांडली होती. पुढे मी गोंदियाच्या एका लहानशा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम धरलं आणि तिथंच म्हातारपणाकडे वळले. लग्नाचं म्हणाल तर एका घरून निरोप आला होता की मुलगी चांगली आहे, पण सख्ख्या भावाचा जीव जिच्या हातून गेला, तिला घरात कशी आणायची.

गावाला सगळं माहीत होतं. रोज आमच्या गाडीतून जाणाऱ्या बायांनी मिलिंदला चाक धरलेलं पाहिलं होतं. पण बाबांनी घरोघर जाऊन हात जोडले, आणि गावानं आमच्यासाठी एकमुखानं खोटं धरून ठेवलं. पोलीस आले, कंपनीचा माणूस चौकशीला आला, कुणी फुटलं नाही. "पोरगीच चालवे जी." हे त्यांचे उपकार मी विसरत नाही. पण त्या बाया म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून गेल्या. त्यांच्या सुनांनी तेवढंच ऐकलं जेवढं सांगितलं गेलं होतं. मुलं माझ्याकडे बोट दाखवू लागली तेव्हा त्यांना दटावणारंही कुणी उरलं नव्हतं, कारण ती मुलं खोटं बोलत नव्हती.

बाबा गेले. ते अखेरपर्यंत याविषयी बोलले नाहीत. आजारपणात एकदा मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यातून काय अर्थ काढायचा तो मी काढला नाही.

माय त्यानंतर बरीच वर्षं होती. मिलिंदचा फोटो तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, थोडा वाकडा. गेल्या उन्हाळ्यात शेजारी नवी सून आली, ती मायची विचारपूस करायला आली आणि तिनं फोटोकडे पाहून विचारलं, हे कोण. मी तांदूळ निवडत होते.

"तो माया लहाना," माय म्हणाली. "हिनं गाडी धडकवली न, त्यात गेला."

तिच्या आवाजात राग नव्हता. हे अनेकदा म्हटलेलं असावं, तसं ती म्हणाली. सून माझ्याकडे न बघता उठली आणि लगेच गेली. मी सूप खाली ठेवलं. मायच्या खाटेवर जाऊन बसले.

"माय, गाडी मिलिंद चालवत होता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लेकरू काही भलतंच बोललं म्हणजे आई पाहते तसं.

"मंग कागदावर तुयं नाव कायले हाय?"

"बाबांनी सांगायला लावलं होतं."

"तुया बाप खोटं बोलत नोता," ती म्हणाली, आणि माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे व. मी तुले कधी बोलली काय?"

खरंच, ती कधीच बोलली नव्हती. बाबांनी तिलाही तेव्हा तेच सांगितलं असणार. तिनं मला माफ केलं होतं. कधी केलं, किती वर्षं लागली तिला त्यासाठी, ते मला कळलंच नाही. मी पुन्हा सूप घेऊन तांदूळ निवडायला बसले. तिला दोन महिन्यांनी आम्ही स्मशानात पोचवलं तेव्हाही तिनं मला माफ केलेलंच होतं.

आता हे माहीत असलेलं माणूस एकच उरलं आहे, आणि आता लेखी द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. त्या दुपारी गाडी मिलिंद चालवत होता. जोरात चालवत होता. त्याला अठरावं वर्ष पुरं व्हायला थोडे महिने होते. मी शेजारी बसले होते.